पेशवाईतली वेषांतर केलेली नायिका: रहस्यप्रेमकथा कशी बांधावी

बापाच्या मरणामागचं गुपित, न्याय मिळवायला बाप्याचा वेश घेतलेली मुलगी आणि तिच्यावर जीव जडलेला एक जण, एवढं हाताशी असलं की कादंबरी आपोआप उभी राहील असं वाटतं. तशी ती राहत नाही. अशी हस्तलिखितं बहुधा तिसऱ्या भागात येऊन अडकतात, कारण वेश एकीकडे, खून दुसरीकडे आणि प्रेम तिसरीकडे चाललेलं असतं. इथे दिलेली पद्धत एकाच सूत्रावर उभी आहे. वेश सगळ्यांत आधी पक्का करायचा. नायिकेला कोणता पुरावा दिसेल, तिच्या जवळ कोण येऊ शकेल, ती कशामुळे पकडली जाईल आणि निवाडा कसा होईल, हे सगळं त्या वेशातूनच काढायचं.

समजायला सोपं जावं म्हणून एकच कथानक शेवटपर्यंत वापरू. भीमाकाठचं एक गाव. तिथला कुणबी पाटील आषाढात नदीत बुडून मेला असं सांगतात. महिन्याभरात भाऊबंद सांगतो की पाटीलकीची हुजूर सनद, म्हणजे पेशव्यांकडून मिळालेलं हक्काचं पत्र, आपल्याकडे आहे. पाटलाला नऊ वर्षांचा मुलगा आणि एकोणीस वर्षांची विधवा मुलगी आहे. तीच आपली नायिका.

पहिली पायरी: वर्षावर थांबू नका, महिने ठरवा

‘पेशवाईचा काळ’ म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं. एवढ्या ऐसपैस जागेत रहस्य बसत नाही. आपली कथा शके १७०० च्या आषाढात सुरू करू आणि पौषात संपवू, म्हणजे जुलै १७७८ ते जानेवारी १७७९. हे सहा महिने निवडायला कारणं आहेत. १७७८ च्या पूर्वार्धात मोरोबा फडणिसांनी नाना फडणिसांना बाजूला सारून कारभार हाती घेण्याचा प्रयत्न केला होता, त्यामुळे दफ्तरात कोण कोणाचा याची खात्री कोणालाच नाही. घाशीराम १७७७ पासून पुण्याचा कोतवाल आहे आणि रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यावर सापडेल त्याला त्याची माणसं धरतात. श्रावणात दक्षिणेसाठी दूरदूरचे ब्राह्मण पुण्यात येतात, त्या गर्दीत अनोळखी चेहरा खपून जातो. शेवटी इंग्रजांची फौज बोरघाट चढून येते आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला तह होतो. त्या आठवड्यांत वाटेवरच्या प्रत्येक जासुदाकडे, म्हणजे सांडणीस्वारासारख्या निरोप्याकडे, संशयानं पाहिलं जाणार. म्हणजे नायिकेवरचं संकट इतिहासच वाढवत नेतो, लेखकाला ओढूनताणून आणावं लागत नाही.

एका मोठ्या कागदावर महिनावार तीन रकाने आखा: राज्यात काय चाललंय, खलनायक काय करतोय, नायिका काय करतेय. चौथ्या रकान्यात तिथी आणि चांदणं लिहा. वद्य द्वादशीच्या रात्रीचा पाठलाग चांदण्यात लिहिलेला असतो, तो याच रकान्याअभावी.

खऱ्या माणसांबद्दल एक नियम पाळा. नाना फडणीस, रामशास्त्री, घाशीराम यांना एकेक, फार तर दोन प्रसंग द्या. त्यांना प्रेमात पाडू नका आणि तुमच्या कल्पित गुन्ह्यात गुंतवू नका. तारखा तपासा. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा. त्यानंतर रामशास्त्री पद सोडून गेले आणि काही वर्षांनी बारभाईंच्या कारभारात परत आले. कथा १७७५ मध्ये नेऊन त्यांना न्यायासनावर बसवलंत तर जाणता वाचक तिथेच पुस्तक मिटतो.

दुसरी पायरी: गुन्हा शेवटाकडून रचा

आधी खरं काय घडलं ते खलनायकाच्या बाजूनं दोन पानांत लिहा. हे प्रकरण कादंबरीत जाणार नाही, पण त्याशिवाय पुढे हात घालू नका. आपल्या कथेत भाऊबंदानं फडावरच्या, म्हणजे पेशव्यांच्या कचेरीतल्या, एका कारकुनाला फोडून १७७४ सालची वाटेल अशी सनद आता, १७७८ मध्ये, बनवून घेतली. पाटलाला तो कागद खोटा असल्याचं कळलं, म्हणून त्याला नदीत ढकललं.

सनदेवर १७७४ चीच तारीख का? त्या वर्षी वसंतात पेशवाईच्या गादीवर कोण, हाच वाद होता. राघोबादादा बाहेर, नारायणरावांची विधवा गंगाबाई आणि कारभारी पुरंदरावर. तेव्हाचा कागद खरा की खोटा हे कोण सांगणार, असा खोटारड्याचा हिशेब. आणि तो तिथेच चुकतो.

रहस्याचा गाभा या एकाच कागदात ठेवता येतो. त्यात तीन दोष पेरा.

एक, सन. पेशवाईच्या कागदांत सुहूर सन अरबी शब्दांत लिहीत. त्यात ५९९ मिळवले की ते वर्ष ज्या इसवी सनात सुरू झालं तो मिळतो, आणि हे वर्ष पाडव्याला बदलत नाही, सूर्य मृगात गेला की बदलतं, म्हणजे जूनच्या सुरुवातीला. वैशाख शके १६९६, जय संवत्सर, हा महिना एप्रिल-मे १७७४ चा. तेव्हा सुहूर सन ११७४, म्हणजे ‘अर्बा सबैन मया व अलफ’, अजून चालूच होता. चार वर्षांनी बसून मागचा हिशेब करणारा माणूस शक पाडव्याला बदलला तसा सनही बदलला असेल असं धरतो आणि ‘खमस सबैन’ लिहून बसतो. एका वर्षाची चूक.

दोन, चंद्र. तिथीबरोबर मुसलमानी महिन्याची तारीखही ‘छ’ लिहून देत. तो महिना चंद्रदर्शनानं सुरू होतो, म्हणून शुद्ध पक्षात ही तारीख तिथीच्या एखाद-दोन अंकांनी मागे असते. वद्य पक्षात ती तिथी अधिक तेरा-चौदा अशी येते. सवाई माधवरावांचा जन्म वैशाख शुद्ध सप्तमीचा, १८ एप्रिल १७७४. त्या दिवशी सफर महिन्याचा सहावा चंद्र. वद्य दशमीच्या कागदावर कोणी ‘छ १०’ घातलं, तर ते फडावरच्या मुरलेल्या माणसाला एका नजरेत खटकेल.

तीन, शिक्का. सवाई माधवरावांना पेशवाईची वस्त्रं मिळाली ती मे १७७४ च्या अखेरीस, ते चाळीस दिवसांचे असताना. मग वैशाखातल्या सनदेवर माधवराव नारायण यांचा शिक्का कुठून येईल?

तिन्ही दोष वाचकाला एकदम दाखवू नका. सनाचा दोष आधी, चंद्राचा मध्यावर आणि शिक्क्याचा न्यायसभेत. शिक्क्याचा दोष सगळ्यांत सोपा आहे, म्हणून तो शेवटी ठेवायचा. तो कागद तोवर कोणालाच प्रत्यक्ष दिसलेला नाही, फक्त ऐकलेला आहे. हे कसं, ते पुढे येईलच.

‘ध’ चा ‘मा’ सारखी अक्षर बदलण्याची युक्ती मात्र टाळा. त्या आख्यायिकेला कागदी आधार सापडलेला नाही हा भाग वेगळा, पण ती प्रत्येकाला पाठ आहे. वाचक चार प्रकरणं आधीच उत्तर सांगून मोकळा होतो.

तिसरी पायरी: नायिकेचं वय, जात आणि हक्क

इथे बहुतेक लेखक घसरतात. पुण्यातल्या ब्राह्मण घरात वीस वर्षांची अविवाहित मुलगी त्या काळी जवळजवळ अशक्य. लग्नं न्हाण येण्याआधी होत. मग नायिका विवाहित, टाकलेली किंवा विधवा, यांतली एक. ब्राह्मण विधवा घेतली तर प्रेमकथेला लग्नाचा शेवट देता येत नाही. तो न देता लिहायचं असेल तर खुशाल लिहा, ती वेगळी आणि जास्त बोचरी कादंबरी होईल.

कुणबी, माळी, धनगर अशा जातींत विधवेचा पाट, म्हणजे पुनर्विवाह, लागत असे, त्याला मोहतूरही म्हणत, आणि सरकार त्यावर पाटदाम नावाचा कर घेई. म्हणून आपली नायिका कुणब्याची आहे. शेवटच्या प्रकरणात पाट लागू शकतो आणि तो इतिहासाला धरून असतो.

हक्काचं काय? पाटीलकी तिला स्वतःला मिळेल असं दाखवू नका. ती धाकट्या भावासाठी लढते. फिर्याद भावाच्या नावानं, आई त्याची पालक. बायकांना सरकारात दाद मागता येत नव्हती असं लिहिणंही चूक, त्यांच्या फिर्यादी दफ्तरांत आहेत. अडचण वेगळी आहे. कागद फडावर आहे आणि फडावर पाटलाच्या घरची बाई जाऊन उभी राहू शकत नाही. वेश घेण्याचं कारण एवढं साधं आणि ठोस हवं. ‘तिला साहस आवडे’ हे कारण नाही.

धोकाही ठोस द्या. पकडली गेली तर बदकर्माचा आळ येऊ शकतो, आणि अशा आळातल्या बायकांना सरकारी कोठीत कुणबीण, म्हणजे बटीक, म्हणून ठेवल्याचे, किल्ल्यावर कैदेत पाठवल्याचे दाखले आहेत. फाशीच्या धमकीपेक्षा ही भीती खरी वाटते.

चौथी पायरी: वेश

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. प्रत्येक वेशाला चार प्रश्न विचारा: तो कुठली दारं उघडतो, कुठे अंग उघडं करायला लावतो, कोण रोज जवळून बघतं, आणि तो किती दिवस टिकेल?

ब्राह्मण कारकून हा पहिला सुचणारा वेश आणि सगळ्यांत वाईट. फड उघडतो खरा, पण पंगतीत सोवळ्यानं, उघड्या अंगानं बसावं लागतं. नदीवर स्नान, संध्या, जानवं. दुसऱ्या दिवशी दुपारी खेळ खलास.

गोसाव्याचा वेश त्या मानानं बरा. जटांमुळे केसांचा प्रश्न नाही, अंगभर भगवी छाटी घेता येते, आणि सावकारी करणारे, फौजेत चाकरी करणारे गोसावी पुण्यात होतेच. पण मठ आणि गुरू सांगता आले पाहिजेत. दुसरा गोसावी भेटला की परीक्षा सुरू.

कुणबीण, मालीण, कासारीण असा बाईचाच दुसरा वेश घेतला तर वाड्याचा आतला भाग उघडतो. गुन्हा माजघरातला असेल तर हाच निवडा. आपल्या कथेत कागद बाहेर आहे, त्यामुळे तो उपयोगाचा नाही.

उरतो जासूद. हा लखोटे नेतो, उत्तरासाठी फडाच्या दाराशी तासन् तास बसतो, अंगात धुळीनं माखलेली बंडी, डोक्याला मुंडासं, शिदोरी स्वतःची. त्याच्याकडे कोणी निरखून पाहत नाही. अडचण एकच. जासूद जोडीनं धावत. म्हणजे नायिकेला जोडीदार हवा, आणि चोवीस तास बरोबर असणाऱ्याला फसवता येत नाही. तेव्हा जोडीदार म्हणून बापाच्या उपकारातला एक वयस्क जासूद द्या, त्याला सगळं माहीत असू द्या. तोच तिला जासुदांच्या नाईकाकडे ‘माझा पुतण्या’ म्हणून उभा करतो. याचा एक आयता फायदाही आहे: वाटेवर नायिकेला मनातलं बोलायला माणूस मिळतो, पानपानभर स्वगतं लिहावी लागत नाहीत.

आता शरीर. एकेक गोष्ट लिहून घ्या आणि प्रत्येकीला उत्तर शोधा.

नाकाचं भोक लपत नाही, बुजतही नाही. पण ज्या घरात मुलगे जगत नसत तिथे नवसानं मुलाचं नाक टोचून त्याला मुलीसारखं वाढवत आणि नाव नथू ठेवत. तुमच्या जासुदाचं नाव नथू. आधीचे तीन भाऊ गेले, म्हणून नाक टोचलं. ज्या खुणेनं ती पकडली जायची तीच तिची ओळख सांगते. असा एक तरी दुहेरी तपशील प्रत्येक वेशात शोधावाच.

कानाच्या पाळीच्या भोकांची काळजी नाही, पुरुषही बाळी घालत. वरच्या बुगडीच्या भोकावर मुंडाशाचा पदर येऊ द्या.

गोंदण ही खरी आफत. कुणब्याच्या लेकीच्या कपाळावर किंवा हनुवटीवर गोंदण असणार. ‘तिचं गोंदलंच नव्हतं’ असं सांगायचं तर पहिल्या प्रकरणात कारण द्या. नाहीतर कपाळावर मुंडासं खाली ओढा आणि मनगटाच्या गोंदणावर चुलीत भाजल्याचा डाग द्या. तो डाग तिनं स्वतः पाडून घेतला असेल तर तो प्रसंग तिच्या निश्चयाबद्दल चार पानांच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतो.

केस. पुरुष शेंडी राखून डोकं भादरत. ते दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा करावं लागतं, आणि न्हावी हनुवटी धरून चेहरा फिरवतो. नथूचं वय पंधरा सांगा, म्हणजे मिसरूड नसणं खपेल. तरीही सहा महिन्यांच्या वर हा वेश ताणू नका. कथेची मुदत आपण सहा महिने ठेवली ती यासाठीच.

छाती आवळून बांधली की दम पुरत नाही. घट्ट पट्टा बांधलेली मुलगी एका दमात आठ कोस धावली असं लिहू नका. सैल बंडी, आत सुती पट्टा, धावताना सैल आणि फडावर घट्ट. रात्री पट्टा सोडल्यावर काखेत घामोळं आलेलं दाखवा. विटाळाच्या चार दिवसांचंही नियोजन हवं: जुन्या धडप्याच्या घड्या, त्या धुवायला पहाटेचा ओढा. हे वगळलंत की स्त्री वाचकांना ताबडतोब कळतं की लेखकानं विचारच केलेला नाही.

परदेशी कादंबऱ्यांत नायिका पहिल्यांदा विजार घालते आणि पाय मोकळे झाल्यानं हरखून जाते. ते इथे उचलू नका. काष्ट्याचं लुगडं नेसून शेतात राबणारी बाई आधीच मोकळ्या पावलांनी चालते. चालीत फरक दुसरीकडे दिसेल: ती पदर सावरायला जाते आणि हाताला काहीच लागत नाही. असा प्रसंग एकदाच वापरा.

पाचवी पायरी: बोलणं

मराठीत क्रियापद लिंग सांगतं, म्हणून वेषांतराची खरी कसोटी तोंडात आहे. ‘मी आलो’, ‘मी सांगतो’, दिवसभर, प्रत्येक वाक्यात. तीन गोष्टी लिहायला बसण्याआधीच ठरवा.

निवेदनात तिला ‘ती’ म्हणायचं की वेशात असताना ‘तो’? आमचा कौल निवेदनात कायम ‘ती’, संवादात ‘नथू’ आणि ‘तो’. दोन्ही रूपं एकाच परिच्छेदात येतात, वाचकाला गंमत वाटते आणि गोंधळ होत नाही.

चूक कधी होईल? भीती, झोप, ताप आणि हसू या चार वेळी. ठेच लागल्यावर ‘अगं बाई’ तोंडून निसटतं. संपूर्ण कादंबरीत अशा चुका तीनच ठेवा: एक जोडीदार झाकतो, एक कोणाच्या लक्षात येत नाही, आणि एक नायक ऐकतो.

नायक तिला काय म्हणतो? आधी ‘लेका नथ्या’, ‘गड्या’. कळल्यानंतर त्याची जीभ अडखळते, तो नावच घेणं टाळतो. पुढे एकांतात तो पहिल्यांदा ‘गं’ म्हणतो, तेव्हा प्रेमाची कबुली वेगळी लिहावी लागत नाही.

संवादात फारसी शब्दांची खैरात नको. ‘मजकूर’, ‘तकरीर’, ‘हुजूर’ हे कारकुनाच्या तोंडी आणि कागदात शोभतात. पाटलाच्या घरात साधी गावची बोली.

सहावी पायरी: नायक आणि प्रेम

कुणब्याच्या मुलीला आणि बहुतेक जासुदांना मोडी येत नाही. लखोट्यावर लाख असते, आतलं दिसत नाही. मग नायिका पुरावा मिळवते कसा? कानानं. फडावर कागद मोठ्यानं वाचून दाखवतात. भाऊबंद सनदेची तालिक, म्हणजे नक्कल मागवतो, कारकून ती ताडून वाचतो आणि दाराशी उत्तराची वाट पाहत बसलेला नथू शेवटची तारीख पाठ करतो. अर्थ न कळता, स्तोत्र पाठ करावं तशी. सहा कोसांच्या वाटेवर ती तेच शब्द पुटपुटत जाते.

तिला ते शब्द कोणाला तरी सांगावे लागतात, आणि इथे नायक येतो. तो दुसऱ्या गावच्या पाटलाचा मुलगा आहे. स्वतःच्या वतनाच्या वादासाठी वर्षभर पुण्यात तिष्ठत बसला आहे, आणि कंटाळून मोडी शिकला आहे. जात एकच, म्हणून पाट शक्य. पेच असा: त्याच्या बाजूनं लागलेलं निवाडपत्र त्याच फितूर कारकुनाच्या हातचं आहे. कारकून उघडा पडला तर त्याचा स्वतःचा निवाडाही पुन्हा तपासला जाईल. आता तिचा न्याय आणि त्याचं वतन समोरासमोर आले. प्रेमात ‘गैरसमज’ आणून वेळ काढायची गरज संपली.

त्याला खरं कधी कळावं? चौतीस प्रकरणांच्या, सुमारे पंच्याऐंशी हजार शब्दांच्या कादंबरीत हे वेळापत्रक चालतं. आठव्यात ओळख. चौदाव्यात त्याला शंका. सतराव्यात खात्री. बाविसाव्यात तिला कळतं की त्याला कळलं आहे. मधली पाच प्रकरणं सोन्याची आहेत: तो जाणतो, गप्प राहतो, न्हाव्याच्या वेळी तिला निरोप देऊन बाहेर धाडतो, धर्मशाळेत झोपताना स्वतः दाराशी पथारी टाकतो. वाचकाला दोघांच्याही मनातलं माहीत असतं. तो तिला ‘मुलगा’ समजत असतानाच्या ओढीचंही उत्तर द्या. तिथे आधी घट्ट मैत्री लिहा, कारण त्याशिवाय पुढचं प्रेम फक्त उघडकीचं बक्षीस वाटतं.

सातवी पायरी: सुगावे पेरणं

प्रत्येक निष्कर्षाला तीन सुगावे: एक डोळ्यांसमोर, एक वेगळ्याच कामात दडवलेला, एक चुकीच्या दिशेला नेणारा पण खरा. वडिलांच्या मृत्यूसाठी: बुडालेल्या माणसाचं मुंडासं झाडाच्या फांदीवर कोरडं सापडलं, नावाडी त्या दिवसापासून गाव सोडून गेला, आणि भाऊबंदाच्या हातावरची जखम, जी खरोखरच बैलाच्या शिंगाची निघते.

सुगावा आणि त्याचा उलगडा यांत निदान चार प्रकरणांचं अंतर ठेवा, पण दहाच्या वर नको. सुहूर सनाची माहिती तर तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात, एखाद्या विनोदी प्रसंगात द्या. मृग निघून महिना झाला, कारकुनानं नव्या सनाची चोपडी काढली, तरी नवा उमेदवार जुनाच सन लिहितो आणि बोलणी खातो. वाचक हसून पुढे जातो आणि नियम शिकून जातो. ही माहिती उलगड्याच्या प्रकरणात पहिल्यांदा आली, तर ती लबाडी ठरते.

आठवी पायरी: न्यायसभा

वेशात मिळवलेला पुरावा सभेत मांडता येत नाही. ‘तुला हे कसं कळलं?’ या पहिल्याच प्रश्नाला नायिका संपते. बरेच लेखक इथे तिला सभेत मुंडासं उतरवायला लावतात आणि सगळे अवाक होतात. ते दृश्य मोहाचं आहे, पण त्यानं खटला बुडतो: चर्चा कागदावरून तिच्यावर जाते.

चांगला मार्ग असा की खलनायकानं स्वतःच अस्सल कागद सभेपुढे आणावा. आई भावाच्या नावानं फिर्याद देते आणि एवढंच मागते की सनद रूजू करावी. तारखेची चूक तिला माहीत आहे, हे ती उच्चारतही नाही.

मग क्रम पाळा. दोन्ही पक्षांकडून निवाडा मान्य करण्याचा राजीनामा, मग जामीन. मग दोघांच्या तकरिरी, म्हणजे कैफियती. मग साक्षी आणि कागद. गावच्या महजरावर, म्हणजे गावसभेच्या निकालपत्रावर, पाटलाची नांगराची निशाणी, बलुतेदारांच्या आपापल्या हत्याराच्या खुणा. पुरावा तुल्यबळ पडला तर दिव्य. त्यात तापलेल्या तेलातुपातून धातूचा रवा काढायचा, हात पिशवीत बांधून मोहर करायची, आणि ठरल्या दिवशी उघडून पाहायचं. भाऊबंद दिव्याची मागणी करतो असं दाखवलंत तर ताण भयंकर वाढतो, कारण त्यात हात नऊ वर्षांच्या मुलाच्या बाजूनं कोणाला तरी घालावा लागणार. तो हात नायक पुढे करतो. दिव्य प्रत्यक्ष होऊ देऊ नका. त्याच्या आधी सभेतला एक म्हातारा कारकून सनद उजेडाकडे धरून सन वाचतो, थांबतो, पुन्हा वाचतो, आणि मग त्याची नजर शिक्क्यावर जाते.

निकालानंतर हरलेल्याकडून येजितखत, म्हणजे हरल्याची लेखी कबुली, त्याच्यावर गुन्हेगारी, म्हणजे दंड, जिंकलेल्याकडून हरकी, म्हणजे सरकारला द्यायची रक्कम, आणि त्याच्या हाती निवाडपत्र. हरकीची रक्कम भरायला आईला दागिना मोडावा लागतो, एवढी एक ओळ घाला. न्याय फुकट मिळत नव्हता.

नववी पायरी: शेवटची चाळणी

पहिला खर्डा झाल्यावर या वस्तू शोधून काढा: चहा, काडेपेटी, रॉकेल, टोमॅटो, साबुदाण्याची खिचडी, रस्त्यावरचा सार्वजनिक गणपती, ‘मिनिट’. आगीला चकमक, उजेडाला पणती, समई आणि दिवटी, वेळेला घटका आणि प्रहर. पेठांची नावंही तपासा. सदाशिव आणि नारायण पेठा १७७८ मध्ये वसलेल्या आहेत, पण कथा १७६० च्या आधी नेलीत तर त्या काढून टाका. शनिवारवाड्याचा नारायण दरवाजा हे नाव १७७३ नंतरचं. लकडी पूल पानिपतानंतरचा, १७६१ चा, आणि तेव्हा खरोखर लाकडी.

नंतर हस्तलिखित दोघांना द्या: मोडी वाचणारा एक आणि इतिहासाशी काही देणंघेणं नसलेला एक. पहिल्याला फक्त सनदेची आणि सभेची प्रकरणं द्या. दुसऱ्याला सगळं द्या आणि प्रत्येक प्रकरणाशेवटी एकच गोष्ट लिहायला सांगा: आत्ता नथूबद्दल कोणाला काय माहीत आहे? त्याच्या उत्तरांत आणि तुमच्या तक्त्यात जिथे फरक पडेल, ती प्रकरणं पुन्हा लिहायला घ्या.